स्पीकरसाठी घरगुती एलईडी शक्तिमापक : बांधणी, जोडणी आणि आकड्यांचा प्रामाणिकपणा

अ‍ॅम्प्लिफायरच्या दर्शनी भागावर आवाजाबरोबर वरखाली होणारी दहा दिव्यांची रांग बसवण्याची इच्छा असणाऱ्या हौशी वाचकांना परिपथाचा आराखडा सहज मिळतो, पण सर्वांत वरचा दिवा नेमका किती वॅटला लागावा, खोक्यावर छापलेले वॅट खरे मानावेत का आणि मापकाच्या तारा स्पीकरला जोडल्याने अ‍ॅम्प्लिफायर जळणार तर नाही ना, हे तीन प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत अनुत्तरित राहतात. प्रस्तुत लेखात एलएम ३९१५ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आयसीवर आधारलेल्या मापकाची बांधणी दिली असून, तिच्यापेक्षा अधिक जागा या तीन प्रश्नांना दिली आहे, कारण दिवे लागणे सोपे असते आणि ते योग्य आकड्याला लागणे हेच खरे काम असते.

मापक प्रत्यक्षात काय मोजतो

असा मापक वॅट मोजत नाही. तो स्पीकरच्या दोन टोकांमधील विद्युतदाब, म्हणजे व्होल्ट, मोजतो आणि स्पीकरचा रोध ठरावीक आहे असे गृहीत धरून त्या व्होल्टवर वॅटची पट्टी चिकटवतो. गणित साधे आहे: परिणामी व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमने भागले की वॅट मिळतात. परिणामी व्होल्ट, ज्याला बाजारात आरएमएस म्हणतात, तो साध्या मल्टिमीटरवर एसी विभागात दिसणारा आकडा होय. शुद्ध सुराच्या बाबतीत लहरीचे शिखर त्याच्या १.४१ पट उंच असते. यावरून ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट मिळतात तेव्हा त्याच्या टोकांवर २० व्होल्ट परिणामी आणि सुमारे २८.३ व्होल्ट शिखर असते, तर १०० वॅटसाठी हे आकडे अनुक्रमे २८.३ आणि ४० होतात.

स्पीकरवर छापलेला ८ ओहम हा आकडा नाममात्र असतो, कारण स्पीकरचा प्रत्यक्ष रोध वारंवारतेनुसार बदलतो आणि खर्जातील अनुनादाच्या जागी तो नाममात्र आकड्याच्या कित्येक पट चढतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, एवढीच अट असते. म्हणून संगीत चालू असताना मापक दाखवील ते वॅट अंदाजी असतात. या मर्यादेने मापकाचा उपयोग कमी होत नाही, कारण अ‍ॅम्प्लिफायर आपल्या दाबाच्या मर्यादेला कधी पोहोचतो हे तो चोख सांगतो आणि आवाज फाटण्याचे नेहमीचे कारण तीच मर्यादा असते.

एलएम ३९१५ च का

नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीने काढलेल्या आणि २०११ पासून टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ताब्यात आलेल्या या कुटुंबात तीन भावंडे आहेत. एलएम ३९१४ मध्ये दहा पायऱ्या समान व्होल्टच्या असतात, एलएम ३९१६ मध्ये त्या ध्वनिमुद्रणातील व्हीयू मापकाच्या पट्टीप्रमाणे असमान असतात आणि एलएम ३९१५ मध्ये प्रत्येक पायरी ३ डेसिबलची, म्हणजे शक्ती दुप्पट होण्याची असते. शक्तिमापकासाठी तिसराच पर्याय योग्य ठरतो, कारण कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते आणि घरातील रोजचे ऐकणे बहुधा एखाद्या वॅटच्या आसपास चालते. समान पायऱ्यांचा मापक बसवला तर त्या वेळी जेमतेम एखादा दिवा मिणमिणेल. याउलट ५० वॅटला वरचा दिवा लागणाऱ्या एलएम ३९१५ च्या मापकात दिव्यांची उतरंड ५०, २५, १२.५, ६.३, ३.१, १.६, ०.८, ०.४, ०.२ आणि ०.१ वॅट अशी येते, म्हणजे हळू आवाजातही खालचे चार-पाच दिवे जिवंत राहतात.

बाजारात केए २२८४ किंवा एएन ६८८४ यांवर बनलेली पाच दिव्यांची तयार पाटी स्वस्तात मिळते आणि शोभेपुरती ती पुरेशी आहे. मात्र तिच्या पाच पायऱ्या सारख्या अंतराच्या नसल्याने आणि सर्वांत खालची व वरची पायरी यांत अवघे १६ डेसिबलच येत असल्याने तिला शक्तिमापक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. स्पीकरच्या तारांवर थेट एलईडी आणि रोधक जोडण्याचा उपाय कोणीही करू नये, अशी स्पष्ट शिफारस आहे.

लागणारे साहित्य

मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठ येथील दुकानांत पुढील सर्व वस्तू सुटे भाग म्हणून मिळतात. एका चॅनेलसाठी, म्हणजे एका स्पीकरसाठी, हे साहित्य लागते:

- एलएम ३९१५ आयसी आणि १८ पायांचा आयसी बेस
- १० एलईडी : सात हिरव्या, दोन पिवळ्या, एक लाल
- रोधक : १ किलोओहम (१ वॅट), १.२ किलोओहम, ३.३ किलोओहम, ४७ ओहम (२ वॅट) आणि खालच्या तक्त्यातून निवडलेला एक
- १० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवून बसवण्याचा बदलता रोधक
- डायोड : ५० वॅटपर्यंत १एन ४१४८, त्यावर यूएफ ४००७
- कंडेन्सर : ४.७ मायक्रोफॅरड (५० वॅटपर्यंत ६३ व्होल्टचा, त्यावर १०० व्होल्टचा), १० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, ०.१ मायक्रोफॅरड
- १२ व्होल्टचा, किमान ५०० मिलिअँपिअरचा डीसी अडॅप्टर

अडॅप्टर तयारच घ्यावा आणि त्यावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह आहे याची खात्री करावी; २३० व्होल्टच्या बाजूचे काम घरी करण्याची या प्रकल्पात कोठेही गरज नाही. एलईडींसाठी दहा वेगवेगळे रोधक घ्यावे लागत नाहीत, कारण ही आयसी प्रत्येक दिव्याचा प्रवाह स्वतःच नियंत्रित करते.

स्पीकरकडून येणाऱ्या मार्गातील निवडीचा रोधक असा ठरतो:

- ८ ओहमला २५ वॅट किंवा ४ ओहमला ५० वॅट (१४.१ व्होल्ट) : १८ किलोओहम
- ८ ओहमला ५० वॅट किंवा ४ ओहमला १०० वॅट (२० व्होल्ट) : २७ किलोओहम
- ८ ओहमला १०० वॅट (२८.३ व्होल्ट) : ४७ किलोओहम

खरेदी केलेली आयसी खरी आहे का

एलएम ३९१४ वर ३९१५ चा छाप मारून विकण्याचे प्रकार घडतात आणि बाहेरून दोहोंत काहीच फरक दिसत नाही, कारण पायांची रचनाही तीच असते. म्हणून परिपथ पूर्ण होताच, स्पीकरच्या मार्गाचे भाग जोडण्यापूर्वी, नवे दोन पेन्सिल सेल एकामागे एक जोडून त्यांचे सुमारे ३ व्होल्ट पाय क्र. ५ वर द्यावेत, सेलचे ऋण टोक ग्राउंडला ठेवावे. खऱ्या एलएम ३९१५ वर या लेखातील जोडणीनुसार आठ दिवे लागतात. पाच किंवा सहाच लागले तर आयसी वेगळी आहे असे समजावे. दुकानदाराकडून पक्के बिल घेतले असल्यास सदोष वा चुकीची वस्तू बदलून मागण्याचा ग्राहकाचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने मान्य केलेला आहे आणि तक्रार करण्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूसाठी कोणी आयोगापर्यंत जात नाही हे खरे, तथापि बिल हातात असले की दुकानातच प्रश्न सुटतो.

आयसीची जोडणी

पायांचे आकडे आयसीच्या खाचेपासून डावीकडून खाली आणि उजवीकडून वर असे मोजावेत. दिव्यांचा क्रम नवख्यांना हमखास चकवतो: सर्वांत खालचा दिवा पाय क्र. १ वर असतो, त्याच्या वरचा एकदम पाय क्र. १८ वर आणि तेथून १७, १६ असे उतरत जाऊन सर्वांत वरचा, लाल दिवा पाय क्र. १० वर येतो. प्रत्येक एलईडीचे ऋण टोक, म्हणजे आखूड पाय, आयसीकडे जाते आणि दहाही धन टोके एकत्र केली जातात.

१. पाय क्र. ३ ला अडॅप्टरचे १२ व्होल्ट आणि पाय क्र. २ ला ग्राउंड द्यावे. या दोन पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आयसीला लागूनच बसवावा.

२. पाय क्र. ४ ग्राउंडला जोडावा. पाय क्र. ६ आणि ७ एकमेकांना जोडावेत.

३. पाय क्र. ७ आणि ८ यांमध्ये १.२ किलोओहम, तर पाय क्र. ८ आणि ग्राउंड यांमध्ये ३.३ किलोओहमचा रोधक बसवावा. यामुळे पट्टीचे वरचे टोक सुमारे ५ व्होल्टवर ठरते आणि प्रत्येक दिव्याला साधारण १२ मिलिअँपिअर मिळतात.

४. पाय क्र. ९ थेट पाय क्र. ३ ला जोडला की दिव्यांची पट्टी खालपासून भरत जाते. तो मोकळा सोडला तर एका वेळी एकच दिवा लागतो.

५. दहा एलईडींच्या एकत्रित धन टोकाला १२ व्होल्ट थेट न देता ४७ ओहमच्या रोधकातून द्यावेत आणि त्या रोधकाच्या एलईडीकडील टोकापासून ग्राउंडपर्यंत १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बसवावा.

पाचव्या पायरीकडे विशेष लक्ष द्यावे. दहाही दिवे लागले असताना सुमारे १२५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि दिव्यांना थेट १२ व्होल्ट दिलेले असल्यास प्रत्येक दिव्याच्या वाट्याचे २ व्होल्ट वजा जाता उरलेले १० व्होल्ट आयसीच्या आत उष्णता बनून जिरतात. ही उष्णता सव्वा वॅटपर्यंत जाते, तर या आवरणातील आयसीची कमाल सहनशक्ती सुमारे १.३७ वॅट आहे. ४७ ओहमचा रोधक यातील निम्म्याहून अधिक भार स्वतःवर घेतो आणि आयसी केवळ कोमट राहते. त्याच्याजवळचा कंडेन्सर गाळला तर दिव्यांच्या तारा लांब असताना आयसी आपोआप थरथरू लागते आणि दिवे अर्धवट पेटलेले दिसतात.

ग्राउंडच्या सर्व तारा पाय क्र. २ जवळ एकाच बिंदूवर आणाव्यात. दिव्यांचा प्रवाह ज्या तारेतून परततो त्याच तारेवर मापनाचे ग्राउंड लटकवले तर एक दिवा लागल्याने दुसरा विझतो आणि पट्टी थरथरत राहते.

स्पीकरकडून येणारा मार्ग

स्पीकरच्या धन टोकापासून क्रमाने १ किलोओहमचा रोधक, डायोड (त्याची पट्टी असलेली बाजू आयसीकडे), तेथून ग्राउंडला ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (धन टोक डायोडकडे), पुढे तक्त्यातून निवडलेला रोधक आणि शेवटी प्रीसेटचे एक टोक असा मार्ग असतो. प्रीसेटचे दुसरे टोक ग्राउंडला आणि मधला पाय आयसीच्या पाय क्र. ५ ला जातो. स्पीकरचे ऋण टोक मापकाच्या ग्राउंडला जोडायचे असते, पण ते पुढे दिलेल्या ब्रिजच्या तपासणीनंतरच. डायोड लहरीचा धन भाग पुढे सोडतो, कंडेन्सर त्याचे शिखर क्षणभर धरून ठेवतो आणि त्यामुळे दिवे डोळ्याला दिसतील इतका वेळ टिकतात.

१ किलोओहमचा रोधक पाटीवर न बसवता स्पीकरच्या टोकापाशीच डाख देऊन जोडावा आणि त्यावर इन्सुलेशनची नळी चढवावी. पुढे तार कोठे घासली वा शॉर्ट झाली तरी अ‍ॅम्प्लिफायरला दिसणारा भार एक किलोओहमच राहतो आणि त्याला धक्का लागत नाही. हा भाग स्वस्त असला तरी संपूर्ण मापकातील सर्वांत महत्त्वाचा आहे.

अनेक आराखड्यांत डायोड प्रीसेटनंतर दाखवलेला असतो, तो तसा ठेवू नये. डायोड वाहता होण्यासाठी अर्ध्या व्होल्टहून थोडे अधिक लागते आणि या पट्टीत सर्वांत खालचा दिवा पाय क्र. ५ वर अवघ्या ०.२२ व्होल्टला लागायचा असतो. त्यामुळे विभाजनानंतर बसवलेला डायोड खालचे तीन-चार दिवे जवळजवळ निकामी करतो. विभाजनाआधी, म्हणजे स्पीकरचा पूर्ण दाब असतो तेथे, तेवढीच घट नगण्य ठरते. तरीही ५० वॅटच्या मापकात सर्वांत खालचा दिवा ०.१ ऐवजी सुमारे ०.२ वॅटला लागतो, हे स्वीकारावे. याहून काटेकोरपणा हवा असल्यास ऑपअँपवर आधारलेला अचूक दिष्टकारक लागेल, पण घरगुती वापरात त्याची उणीव भासत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा आहे का, हे आधी तपासावे

या प्रकल्पात अ‍ॅम्प्लिफायर खरोखर जळण्याची शक्यता येथेच आहे. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, उदाहरणार्थ टीडीए २०३०, टीडीए ७२९४ किंवा एलएम ३८८६ यांच्या नेहमीच्या जोडणीत, स्पीकरचे ऋण टोक ग्राउंडच असते. ब्रिज पद्धतीत मात्र स्पीकरची दोन्ही टोके चालू असतात आणि कोणतेही टोक ग्राउंड नसते. मोटारीतील बहुतेक संच आणि टीपीए ३११६ सारख्या आयसींवरील हल्लीच्या वर्ग-डी पाट्या या प्रकारच्या आहेत. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या अडॅप्टरमधूनच मापकाला वीज देऊन मापकाचे ग्राउंड स्पीकरच्या ऋण टोकाला जोडले, की ते टोक सरळ ग्राउंडला शॉर्ट होते.

तपासणी सोपी आहे. अ‍ॅम्प्लिफायर चालू करून, आवाज पूर्ण बंद ठेवून, मल्टिमीटर डीसी विभागात लावावा आणि स्पीकरचे ऋण टोक व अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्याचे ग्राउंड यांमधील दाब पाहावा. वीजपुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास आकडा आला तर अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा आहे. शून्य आले तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच दोन बिंदूंमधील रोध मोजावा. तोही शून्याजवळ असेल तरच ऋण टोक ग्राउंड मानावे.

ब्रिज अ‍ॅम्प्लिफायरसाठी प्रत्येक चॅनेलच्या मापकाला स्वतंत्र अडॅप्टर द्यावा, त्या अडॅप्टरचे ग्राउंड अ‍ॅम्प्लिफायरच्या वा दुसऱ्या मापकाच्या ग्राउंडला कोठेही लागू देऊ नये आणि मापक धातूच्या पेटीत बसवल्यास पाटी पेटीपासून विलग ठेवावी. साध्या पद्धतीच्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला दोन आयसींसाठी एकच अडॅप्टर चालतो. शंका उरल्यास स्वतंत्र अडॅप्टरचाच मार्ग धरावा.

वॉरंटीतील अ‍ॅम्प्लिफायरची पेटी मापकासाठी उघडू नये. उघडलेल्या यंत्राची वॉरंटी नाकारण्याची अट बहुतेक उत्पादक घालतात आणि हा मापक मागील बाजूच्या स्पीकर टोकांवरून तितकाच चांगला चालतो.

आकडा कोणता धरावा

नव्वदच्या दशकात भारतीय बाजारात म्युझिक सिस्टीमच्या खोक्यांवर पीएमपीओ नावाखाली हजारो वॅट छापले जात आणि ती सवय आजही पुरती गेलेली नाही. या आकड्यामागे कोणतेही सर्वमान्य मानक नाही, म्हणून मापक बसवताना त्याचा विचारच करू नये. आरएमएस म्हणून दिलेला आकडाही आपल्या घरातील वीजपुरवठ्यावर मिळेलच असे नाही. विश्वासार्ह मार्ग एकच, तो म्हणजे आपला अ‍ॅम्प्लिफायर किती व्होल्टपर्यंत स्वच्छ सूर देतो हे मोजणे आणि स्पीकरची सततची क्षमता त्याहून कमी असल्यास ती धरणे. या दोहोंतील लहान आकडा वरच्या दिव्याला द्यावा.

मोजणीची रीत अशी:

१. मोबाइलमधील सूर निर्माण करणाऱ्या एखाद्या अ‍ॅपवरून २०० हर्ट्झचा शुद्ध सूर द्यावा. स्वस्त मल्टिमीटर एसी विभागात साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात, म्हणून एक किलोहर्ट्झचा नेहमीचा सूर येथे वापरू नये.

२. स्पीकर सोडवून ठेवावेत. ट्रान्झिस्टर वा आयसीचा अ‍ॅम्प्लिफायर भाराविना चालवता येतो. निर्वात नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, अ‍ॅम्प्लिफायर भाराविना कधीही चालवू नये, त्याला योग्य क्षमतेचा तारेचा रोधक जोडावा. भाराविना मिळणारी मर्यादा थोडी फुगलेली असते, म्हणून शक्य असेल तर इतर अ‍ॅम्प्लिफायरांनाही ८ ओहम ५० वॅटचा असा रोधक लावूनच मर्यादा शोधावी.

३. प्रीसेट ग्राउंडच्या टोकाला फिरवून ठेवावा, आवाज हळूहळू वाढवावा आणि मल्टिमीटरचा आकडा वाढायचा थांबू लागतो ती जागा टिपावी. तेथून थोडे मागे आलेला आकडा ही स्वच्छ मर्यादा मानता येते. ऑसिलोस्कोप उपलब्ध असल्यास लहरीचे माथे सपाट होऊ लागतात ती जागा थेट दिसते.

४. निवडलेल्या व्होल्टवर आवाज स्थिर ठेवून दहावा दिवा नुकताच लागेपर्यंत प्रीसेट फिरवावा.

५. पडताळणीसाठी व्होल्ट निम्मे करावेत. निम्मा दाब म्हणजे पाव शक्ती, म्हणून आता आठवा दिवा लागण्या-न लागण्याच्या सीमेवर असायला हवा.

अ‍ॅम्प्लिफायर निवडलेल्या व्होल्टपर्यंत पोहोचतच नसेल तर आकडा खाली आणावा. न पोहोचणाऱ्या आकड्यावर बसवलेला लाल दिवा कधीच लागत नाही आणि आवाज फाटत असतानाही घरच्यांना सारे सुरळीत असल्याचे भासवतो. फाटलेल्या लहरीत उच्च वारंवारतेची जास्तीची शक्ती मिसळते आणि लहान ट्वीटर बहुधा अशाच वेळी जळतात. म्हणून लाल दिवा अधूनमधून लुकलुकला तर चालेल, तो टिकून राहू लागला तर आवाज कमी करावा.

नेहमी आढळणारे दोष

- सर्व दिवे सतत किंवा थोड्या आवाजालाही लागलेले : पाय क्र. ६ व ७ यांची जोड सुटली आहे, किंवा ३.३ किलोओहमच्या रोधकाचे दोन्ही पाय डाखाने एकत्र झाले आहेत.
- एकही दिवा नाही : एलईडी उलट्या बसल्या आहेत अथवा पाय क्र. ४ ग्राउंडला नाही; पाय क्र. ७ वर सुमारे ५ व्होल्ट दिसायला हवेत.
- पट्टीऐवजी एकच दिवा फिरतो : पाय क्र. ९ ची तार पाय क्र. ३ पर्यंत पोहोचलेली नाही.
- मधलाच एखादा दिवा बंद : ती एलईडी उलटी आहे, तिच्यामुळे इतर दिव्यांवर परिणाम होत नाही.

मापकावरील डेसिबल आणि कायद्यातील डेसिबल

या मापकाच्या ३ डेसिबलच्या पायऱ्या विद्युतशक्तीच्या गुणोत्तराच्या आहेत, तर ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधील मर्यादा हवेतील ध्वनिदाबाच्या आहेत. निवासी क्षेत्रासाठी त्या दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असून बंदिस्त जागा वगळता रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई आहे. लग्नघरी वा गणेशोत्सवाच्या मांडवात असा मापक बसवणाऱ्यांनी पट्टीचे खालचे दिवे दाखवून मर्यादा पाळल्याचा दावा करू नये, कारण त्याच वॅटला एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा दहा डेसिबल अधिक आवाज देऊ शकतो आणि तपासणी करणारा अधिकारी ध्वनिमापक हातात घेऊन जागेच्या हद्दीवर मोजमाप करतो. त्यासाठी वेगळा ध्वनिमापकच लागतो. ध्वनिमापकाने एकदा आपल्या हद्दीवर मोजून, तेव्हा शक्तिमापकाचा कितवा दिवा लागतो याची खूण पाटीवर करून ठेवली, तर त्याच जागी, त्याच स्पीकरसाठी आणि आवाजाच्या त्याच मांडणीत ती खूण दर वेळी कामाला येते. स्पीकर हलवले वा बदलले की हद्दीवर पुन्हा मोजून ती नव्याने करावी.